पोरगं पाठ म्हणतंय, वाचत नाहीये: डिस्लेक्सियाच्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

डिस्लेक्सिया म्हणजे डोकं चांगलं चालत असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं. कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे वाचन शिकायला अशी जी पोरं येतात ती बहुतेक आधी एखाद-दुसरा क्लास करून आलेली असतात, आणि खरं सांगायचं तर माझा निम्मा वेळ आधी चुकीचं शिकवलेलं मोडून काढण्यातच जातो. चुका पण नवीन नसतात हो, त्याच त्या. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, पालकांसाठी पण आणि दोन दिवसांचा ऑनलाईन कोर्स करून 'रिमेडियल टीचर' म्हणून बोर्ड लावणाऱ्यांसाठी तर खास.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठांतराला वाचन समजणं. डिस्लेक्सिया असलेली बरीच पोरं ऐकून लक्षात ठेवण्यात हुशार असतात. आई दोनदा वाचून दाखवते, वर्गात शेजारचा वाचतो, की झाला धडा तोंडपाठ. मग पुस्तक समोर धरून असं घडाघडा म्हणतात की कुणालाही वाटावं पोरगं सुटलं एकदाचं.

तिसरीतला एक मुलगा होता. त्याची आई पेढे घेऊनच आली होती, म्हणाली मॅडम, आता वाचतोय छान, आधीच्या टीचरनी खूप मेहनत घेतली, फक्त थोडं स्पेलिंगचं बघा. म्हटलं वाच बाळा. त्यानं माकडाचा धडा लावला, एकदम खणखणीत आवाज, कुठं अडखळणं नाही, मधे पॉज पण बरोबर. पण मी त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हते, बोटाकडं बघत होते. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीत! मग मी पुस्तक मिटलं आणि त्याच धड्यातले शब्द उलटेपालटे करून चिठ्ठीवर लिहिलं, 'झाड माकडावर पडले.' पठ्ठ्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, 'माकड झाडावर बसले.' आईचा चेहरा बघवत नव्हता.

नंतर त्या आधीच्या टीचरचा फोन आला, जरा तावातावानेच, म्हणाल्या, 'मी त्याचा कॉन्फिडन्स वाढवत होते.' अहो, कॉन्फिडन्स वाढला की, पण तो पाठांतराचा वाढला. चौथी-पाचवीत धडे लांबले, इतिहास-भूगोल आला की हे पाठांतर पुरत नाही आणि मग पोरगं एकदम ढासळतं आणि घरचे म्हणतात मोबाईलमुळं झालं.

यावर माझी सवय सांगते. मुलाला कधीच त्याच्या पुस्तकातनं तपासायचं नाही. ओळखीचा बोर्ड पण चालत नाही, केएमटीच्या सिटी बसवरचं 'रंकाळा' तर न वाचता येणारं पोरगं पण वाचतं, कारण बस कुठं जाते ते त्याला माहीत असतं. मी अर्थ नसलेले शब्द देते, मकीला, लोपाट, टिरूस असले. यात अंदाज मारायला जागाच नाही, अक्षर आणि मात्रा बघावीच लागते. पोरांना मजा पण येते. त्या मुलाला पाच-सहा अक्षरांपासून परत सुरू करावं लागलं, सुरुवातीला फुगून बसायचा, मी काय बालवाडीत आहे का म्हणून. मग आम्ही असलीच येडी वाक्यं करायला लागलो आणि त्या नादात त्याची गाडी हळूहळू रुळावर आली. हळूहळूच. 'परीक्षेच्या आत होईल ना मॅडम' विचारणाऱ्यांना मी आधीच सांगते, नाही होणार.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे बाराखडी गाण्यासारखी घोटून घेणं. क का कि की कु कू, चालीत सगळं बरोबर येतं, पण मधलाच 'कु' दाखवून विचारा, पोरगं परत 'क' पासून गाणं सुरू करतं आणि मोजत मोजत तिथं येतं. हे वाचन नव्हे. त्यात आपली पहिली वेलांटी आणखी वैताग आणते, ती लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर, म्हणून 'दिवस' चं 'दविस' होतं. रफाराचं तसंच, 'गर्दी' मधला र बसतो द च्या डोक्यावर पण बोलायचा द च्या आधी. आपल्याला सवय झाली म्हणून कळत नाही, पण शिकणाऱ्याच्या डोळ्याला ही गंमत नाही.

मी कार्ड वापरते, अक्षर काळ्या पेननं आणि मात्रा लाल पेननं वेगळ्या कार्डावर. एका वेळी एकच मात्रा. काना आला की लगेच शब्द, काका, मामा, नाला, माळ, आणि काना पक्का झाल्याशिवाय वेलांटीचं नाव काढायचं नाही. जोडाक्षरं तर फार पुढं. आमच्या पोरांचं नशीब असं की गावाचं नावच 'कोल्हापूर', बाजूला 'पन्हाळा', दोन्हीत जोडाक्षर, त्यामुळं पत्ता लिहायलाच घाम फुटतो. लिहू दे नंतर, काय बिघडत नाही.

अक्षरांच्या क्रमाबद्दल पण थोडं. ग म भ न हा क्रम वळण शिकवायला सोयीचा आहे, मान्य, पण म आणि भ शेजारी शेजारी म्हणजे या मुलांसाठी सापळाच. ब-व, घ-ध, थ-य, प आणि पोटफोड्या ष, या जोड्या एका आठवड्यात शिकवूच नका. एक पक्कं होऊन महिना झाला की मग दुसरं.

आणि कागद काढायच्या आधी कानाचं काम करा. 'कपाट' मधलं 'क' काढ, काय राहिलं? पाट. 'मिसळ' मधलं 'मि' काढ? सळ. हे रिक्षात बसून पण होतं. अडचणीचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यात नसतं, शब्दातले आवाज सुटे करण्यात असतं. म्हणूनच रंगीत काचांचे चष्मे घेऊन देऊ नका, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी 2009 मध्येच एकत्र सांगितलंय की त्याला पुरावा नाही. ब्राह्मीचं सिरप, मेंदू जागा करून देतो म्हणणारे मिडब्रेनचे वर्ग, त्यांच्या पण नादाला लागू नका.

ऑर्टन-गिलिंगहॅमचं नाव हल्ली सगळे घेतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत इंग्लिशसाठी बसवलेली पद्धत आहे ती. बघणं, ऐकणं, बोलणं, हातानं गिरवणं सगळं एकत्र आणि पायरी चुकवायची नाही, हा गाभा उत्तम, तो घ्या. पण पिंटरेस्टवरनं तिची इंग्लिश वर्कशीट डाउनलोड करून मराठी शिकवू नका, आपल्या लिपीत अक्षरातच 'अ' बसलेला असतो, तिथं हिशोबच वेगळा.

बोलीला चूक म्हणू नका. घरात 'पानी' म्हणणारं पोरगं 'पाणी' ला 'पानी' वाचत असेल तर त्यानं बरोबर वाचलंय. त्याला तिथं थांबवलं की वाक्याचा अर्थ पण जातो आणि मूड पण.

चुका होत नाहीत म्हणजे डिस्लेक्सिया नाही, असंही समजू नका. मराठी जवळपास लिहिल्यासारखीच बोलली जाते, त्यामुळं मोठी झालेली मुलं बरोबर वाचतात पण भयंकर सावकाश, दमून. हे शिक्षकांच्या नजरेतनं हमखास सुटतं. आणि मराठी मीडियमच्या मुलाची टेस्ट फक्त इंग्लिशमध्ये घेऊन रिपोर्ट देणाऱ्यांना हात जोडते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेली 'डाली' ही चाचणी मराठीत आहे, तसलं काही वापरतात का ते आधी विचारा.

बाकीचं पटापट. दहा वेळा लिहून काढायला लावू नका, चुकीचं दहा वेळा पक्कं होतं. स्टॉपवॉच लावू नका. पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका, कधीच. पाच-सहा वर्षांचं मूल एखादं अक्षर उलटं काढतं म्हणून घाबरून लेबल लावू नका, त्या वयात ते चालतं. रोज पंधरा-वीस मिनिटं बसा, रविवारी तीन तास नको. वाचता येत नाही म्हणून गोष्टी बंद करू नका, तुम्ही वाचून दाखवा, शब्द कानातनं आत जाऊ देत.

सेमी इंग्लिशला घालायचं का, हे सगळे विचारतात. शेजारच्याचं घातलं म्हणून घालू नका. इंग्लिश स्पेलिंग या मुलांना मराठीपेक्षा कितीतरी जड जातं, मराठी वाचन जरा सुटं होईपर्यंत दुसऱ्या लिपीचा लोड कमी ठेवा, शाळेशी बोलून बघा.

आणि डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट काढायला लाजू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सिया आलेला आहे, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. 'लोक काय म्हणतील' करत बसणारे पालक नववी संपताना धावत येतात आणि तेव्हा कागदपत्रं, तारखा, तपासण्या सगळं एकदम अंगावर येतं. सरकारी हॉस्पिटलचंच सर्टिफिकेट लागतं, खासगी रिपोर्टवर भागत नाही, त्यामुळं चौथी-पाचवीतच शाळेत अर्ज कुठं करायचा ते विचारून ठेवा आणि सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा.