फ्लूवरचे विषाणूरोधक औषध: निवड कशी करावी?

जुलै ते सप्टेंबर या काळात मुंबईतल्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रीघ लागते. दुखणे अंगावर काढून लोकल गाठायची, किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून ‘जरा स्ट्राँग’ गोळी मागून घ्यायची, या दोन्ही सवयी फ्लूच्या बाबतीत महागात पडू शकतात. औषधाची निवड डॉक्टरच करतात. मात्र ती योग्य व्हावी यासाठी लागणारी बरीचशी माहिती रुग्णाकडेच असते.

पायरी 1: ताप फ्लूचाच वाटतो का, ते पाहा

फ्लूचा ताप बहुधा अचानक चढतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. अंग मोडून येते, डोके ठणकते आणि कोरडा खोकला सुरू होतो. नुसत्या शिंका आणि वाहते नाक म्हणजे बहुधा साधी सर्दी. तिच्यावर फ्लूची विषाणूरोधक औषधे चालत नाहीत. पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) हेही असेच सुरू होऊ शकतात, म्हणून हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून चालत गेला असाल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते सांगावे. निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच बरे. डेंग्यू असल्यास ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास मेंदू आणि यकृतावर परिणाम करणारा, क्वचित पण गंभीर असा राय सिंड्रोम होऊ शकतो.

पायरी 2: लक्षणे कधी सुरू झाली, ते लिहून ठेवा

फ्लूचा विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढतो. ऑसेल्टामिविर हे औषध त्याच्या न्यूरामिनिडेज या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्यामुळे नवे विषाणू पेशीबाहेर सुटू शकत नाहीत. म्हणूनच ते पहिल्या 48 तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. एरवी निरोगी असलेल्या माणसाचा आजार त्याने साधारण एका दिवसाने कमी होतो. हा फायदा माफकच म्हणायला हवा. गंभीर किंवा जोखमीच्या रुग्णांना मात्र 48 तास उलटल्यावरही डॉक्टर ते देतात आणि तपासणीच्या अहवालासाठी थांबत नाहीत.

पायरी 3: औषधाची गरज आहे का, ते ठरवा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एच1एन1 (स्वाइन) फ्लूच्या रुग्णांचे ए, बी आणि सी असे तीन गट केले आहेत. सौम्य ताप व खोकल्याच्या ए गटाला ऑसेल्टामिविरची गरज नसते. घरी विश्रांती आणि देखरेख पुरते. बी गटात तीव्र ताप व घसादुखीचे रुग्ण येतात, तसेच लहान मुले, गरोदर स्त्रिया, 65 वर्षांवरील व्यक्ती आणि दमा, मधुमेह, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार असलेलेही येतात. त्यांना डॉक्टर ऑसेल्टामिविर देऊ शकतात. दम लागणे, छातीत दुखणे, ग्लानी, थुंकीत रक्त किंवा निळसर नखे ही सी गटाची लक्षणे दिसल्यास रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

पायरी 4: कोणाला कोणते औषध

बहुतेकांच्या वाट्याला ऑसेल्टामिविरच येते, आणि गरोदरपणातही पहिली पसंती त्यालाच असते. प्रौढांना सहसा 75 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, 5 दिवस देतात. मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून मोठ्यांची कॅप्सूल अंदाजाने अर्धी करून देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना अहवाल सोबत नेलेला बरा. झॅनामिविर श्वासावाटे ओढायचे असते आणि त्याने श्वासनलिका आवळू शकतात, त्यामुळे दमेकऱ्यांसाठी ते नाही. पेरामिविर शिरेतून देतात. बॅलोक्साविरचा एकच डोस पुरतो, पण तो दूध, दही किंवा अँटासिडबरोबर घ्यायचा नसतो आणि गरोदर स्त्रियांना देत नाहीत. अमँटाडिनचे नाव जुन्या माहितीत सापडते. आजच्या फ्लूच्या विषाणूंवर ते निकामी ठरले आहे. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही, कितीही आग्रह धरला तरी.

पायरी 5: औषध विकत घेताना आणि घेतल्यावर

ऑसेल्टामिविर शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत मोडते. वेष्टनावर लाल चौकटीत सूचना छापलेली असते, आणि केमिस्टला डॉक्टर व रुग्णाची नावे नोंदवहीत लिहावी लागतात. चिठ्ठीशिवाय मिळाले तरी घेऊ नये. मळमळ हा त्याचा नेहमीचा त्रास. पेज किंवा खिचडी खाऊन कॅप्सूल घेतल्यास तो कमी होतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी पाचही दिवस पूर्ण करावेत, आणि उरलेल्या कॅप्सूल शेजाऱ्यांच्या तापासाठी जपून ठेवू नयेत. ताप उतरून पुन्हा चढला किंवा खोकल्याची ढास वाढली, तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जावे. खासगी खर्च झेपत नसेल तर केईएम, नायर, सायन किंवा संसर्गजन्य रोगांसाठीचे कस्तुरबा ही महापालिकेची रुग्णालये आहेत.