प्रीएक्लॅम्प्सियावर थिसिस घेताय?

बायोकेमिस्ट्रीत एमडीला आलेली ज्युनिअर मंडळी हमखास विचारतात, "प्रीएक्लॅम्प्सिया आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घेऊ का?" प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात प्रेशर चढून अवयव बिघडवणारा आजार, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या अतिक्रियाशील रेणूंनी पेशींवर आणलेला ताण. घ्या, विषय चांगला आहे. मात्र कोणतं किट मागवायचं यावर डोकं खपवण्याआधी कंट्रोल गटात, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी गरोदर बायकांत, कोण असणार ते ठरवा. माझ्या मते बरेचसे थिसिस तिथेच गारद होतात.

कारण साधं आहे. गरोदरपणात ट्रायग्लिसराइड एरवीही चढतात, शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं, आणि महिने भरतील तसं दोन्ही वाढत जातं. ३४ आठवड्यांच्या पेशंटशेजारी २२ आठवड्यांची निरोगी बाई बसवलीत, तर दिसलेला फरक आजाराचा की आठवड्यांचा? म्हणून आठवडे जुळवा, बीएमआय जुळवा, आणि कळा सुरू झालेल्या बायका वेगळ्या ठेवा. व्याख्याही प्रोटोकॉलमध्येच पक्की करा. २० आठवड्यांनंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त प्रेशर, हे सगळे लिहितात. लघवीत प्रोटीन नसलं, तरी प्लेटलेट, लिव्हर किंवा किडनी बिघडली असेल तर निदान होतं, हे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच मान्य केलं. जुने पेपर वाचताना हे ध्यानात ठेवा.

संमतीपत्राला गोव्यात जरा जास्त वेळ धरा. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत पेडणे-सत्तरीच्या बायका असतात, तशा सीमेपलीकडून दोडामार्ग-बांद्याच्याही येतात. कोंकणी देवनागरीत हवी, रोमी (रोमन) लिपीतही हवी, शिवाय मराठी, हिंदी, कन्नड. सही पेशंटची असली तरी प्रश्न सासू विचारते: "आणखी रगत? आधीच पोरीच्या आंगात रगत नाय!" अशा वेळी फ्री रॅडिकल समजावत बसू नका. एक चमचाभर रक्त, तेही नेहमीच्या तपासणीच्या वेळीच, दुसरी सुई नाही, एवढं सांगा. आणि ती खरोखर टोचू नका.

आता लॅब. एमडीए, म्हणजे फ्री रॅडिकलनी चरबी बिघडवली की तयार होणारं मॅलॉनडायआल्डिहाइड, मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवायचं. सोलकढीसारखा गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. स्वस्त आहे, म्हणून लाडकी आहे. पण हे आम्ल इतर आल्डिहाइडांनाही रंग देतं आणि रक्तपेशी फुटल्या असतील तर आकडा भरवशाचा राहत नाही. प्रीएक्लॅम्प्सियात, विशेषतः हेल्प सिंड्रोम या त्याच्या गंभीर प्रकारात (रक्तपेशी फुटतात, लिव्हर बिघडतं, प्लेटलेट घटतात), पेशी आजारानेही फुटतात. म्हणून सीरम लालसर दिसलं की मुकाट्याने टाकून न देता वहीत नोंदवा. ग्लुकोजसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड ट्यूब घ्या. होमा (ग्लुकोज आणि इन्सुलिनवरून शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते सांगणारा आकडा) काढणार असाल तर पेशंट उपाशीपोटी हवी, आणि लांबून पहिली बस धरून आलेल्या गरोदर बाईला दुपारपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. तिचं रक्त आधी घ्या, चहा-नाश्त्याची सोय तुम्ही बघा.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घ्या. वारेला रक्त पोचवणाऱ्या धमन्या नीट रुंदावत नाहीत, वार ऑक्सिजनच्या चढउतारात सापडते, तिथून फ्री रॅडिकल आणि एसएफएलटी-१ (रक्तवाहिन्यांच्या वाढीला अटकाव करणारं वारेचं प्रोटीन) वाढतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं: साखळी पटण्यासारखी आहे. पण निदान झाल्यावर एकदाच घेतलेल्या रक्तातून आधी काय आणि नंतर काय, ते कळत नाही. "म्हणून व्हिटॅमिन द्यावीत" हे वाक्य तर नकोच. २००६ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई देऊनही प्रीएक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. २०१७ च्या ॲस्प्री चाचणीत जास्त जोखमीच्या बायकांमध्ये मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्सिया कमी केला तो १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने.

विषयाला अजून एक टोक आहे आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. या बायकांना पुढे हृदयविकाराचा आणि मधुमेहाचा धोका वाढलेला असतो, तरी बाळंतपण उरकलं की त्यांचं प्रेशर कोणी फारसं बघत नाही. गाइडला विचारून प्रोटोकॉलमध्ये पुढची एक भेट घाला. वेगळी तारीख देऊ नका, बाळाच्या लसीच्या दिवशीच बोलवा. त्या दिवशी आई येतेच.