राजाखालचं घर पटावर लाल होत नाही

मी बुद्धिबळ शिकलो २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, मोबाइलवर. घरात पट होता, पण तो अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. लहानपणी त्याला हात लावायची सोय नव्हती. त्यामुळे ॲप हाच गुरू, आणि गुरू फार मायाळू. पिन झालेला, म्हणजे हलला तर राजा उघडा पडेल असा घोडा उचलून कुठंही ठेवा, तो निमूट जागेवर परत येणार. राजाला शह बसला की त्याच्याखालचं घर लाल. सोंगटीवर बोट टेकवलं की ती जिथं जिथं जाऊ शकते तिथं ठिपके. दीड वर्षात रेटिंग सोळाशेच्या पुढं गेलं आणि इल्लीगल मूव्ह, म्हणजे नियमबाह्य चाल, ही काय भानगड असते याचा विचार करायची वेळच आली नाही.

ती वेळ पहिल्या रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या स्पर्धेत आली. शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी. माझा राजा किल्लेकोट करून (राजा-हत्ती एकाच चालीत हलवून) जी१ वर बसलेला; पटावर उभ्या पट्ट्यांना अक्षरं, आडव्या रांगांना आकडे. एफचं प्यादं मी उत्साहाच्या भरात आधीच पुढं ढकललेलं. तिचा घोडा डी४ वर, त्याच्यामागं बी६ वर उंट. तिनं घोडा एफ५ वर नेला. मला वाटलं, घाबरून बाजूला झाली. मी डी१ वरचा वजीर दिमाखात एच५ वर नेला, घड्याळ दाबलं आणि खुर्चीत मागं टेकलो.

तिनं घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. घोडा सरकल्याबरोबर उंटाचा शह थेट माझ्या राजावर आला होता. तोंडानं ‘शह’ म्हणायचं बंधन नियमात नाही आणि लाकडी पटाचं घर काही लाल होत नाही.

आर्बिटर, म्हणजे पंच आले, माझी चाल मागं घेतली, तिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली. बरं, एवढ्यावर सुटलो असं समजून मी राजा कोपऱ्यात सरकवायला हात पुढं केला. ती म्हणाली, “काका, वजीरच हलवावा लागेल.” मी आर्बिटरांकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. ज्या सोंगटीला हात लावला, तिनं शह निघत असेल तर तीच खेळायची. चुकीची चाल मागं घेतली तरी हा नियम सुटत नाही. डीची पट्टी मोकळी होती, त्यामुळे वजीर डी४ वर आडवा येऊ शकत होता. दुसरं घरच नव्हतं. आणला. उंटानं खाल्ला. दंड दोन मिनिटांचा दिसतो, पण मला तो वजिराएवढा पडला.

ॲपवरून पटावर येणाऱ्यांनी म्हणून फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचे, थोडे नियम आधीच डोक्यात ठेवावेत. घड्याळ दाबलं की चाल पूर्ण झाली. पहिल्या इल्लीगल चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा, ब्लिट्झमध्ये, म्हणजे आणखी झटपट डावांत, एक. त्याच खेळाडूनं दुसऱ्यांदा केली की डाव गेला. समोरच्याला नियमातल्या कुठल्याही चालींनी मात करणं शक्यच नसेल तरच बरोबरी. काही गोष्टी तर आपल्याला चूकच वाटत नाहीत. दोन्ही हातांनी किल्लेकोट करणं इल्लीगल धरतात. चाल न करताच घड्याळ दाबणंही. किल्लेकोटात आधी हत्तीला हात लावलात तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला गेला, हत्ती हलवा. मोबाइलवर आपण राजा दोन घरं सरकवतो आणि हत्ती आपोआप उडी मारतो, त्यामुळे हात कुठं आधी जातो याचा पत्ताच नसतो.

प्याद्याचा वजीर करताना तर भलेभले फसतात. ॲप वजीर पटावर आणून देतं. पटावर प्यादं आठव्या रांगेत नुसतं ठेवून घड्याळ दाबलं तर ती इल्लीगल चाल. कॅनडाच्या २०१७च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये नोरित्सिन या खेळाडूला वेळेच्या घाईत वजीर सापडेना, कारण तो प्रतिस्पर्धी सांबुएवच्या हातात होता. त्यानं वजीर म्हणून हत्ती उलटा करून ठेवला. आर्बिटरनं निर्णय दिला: हा हत्ती. डाव गेला, विजेतेपदही गेलं. अशा वेळी घड्याळ थांबवून आर्बिटरकडं वजीर मागता येतो. तेवढं भान सेकंद संपत असताना राहत नाही, ही गोष्ट वेगळी.

समोरच्यानं चुकीची चाल केली तर? थांबा. उत्तर देऊ नका. डिसेंबर २०१७ मध्ये रियाधच्या जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता कार्लसन यानं शह दिला. समोरच्या इनार्किएवनं तो न काढता उलट घोड्यानं शह दिला. कार्लसननं सवयीनं राजा हलवला आणि इनार्किएवनं कार्लसनचीच चाल इल्लीगल असल्याची तक्रार केली! आधी निकाल त्याच्या बाजूनं लागला, मग मुख्य आर्बिटरनं फिरवला, डाव पुढं खेळा म्हणाले, त्यानं नकार दिला आणि गुण कार्लसनला मिळाला. रॅपिड-ब्लिट्झमध्ये आपली पुढची चाल होण्याआधीच तक्रार करायची असते. एकदा चाल केली की सहसा चूक पटावर कायम.

मग ऑनलाइनही असाच दंड असावा का? मला नाही वाटत. मोबाइलवर बोट घसरतं, त्याला दोन मिनिटं लावणं म्हणजे शिंक आली म्हणून गुण कापणं. चाल परत पाठवावी, घड्याळ चालू राहतंच, तेवढी शिक्षा पुरे. पण शिकणाऱ्याचं नुकसान होतं हे खरं. म्हणून पहिलं काम: सेटिंगमध्ये जाऊन ते ठिपके बंद करा. लीचेसवर आणि चेस डॉट कॉमवर दोन्हीकडं ती सोय आहे. पहिले चार दिवस आंधळ्यासारखं वाटेल.

दुसरं, एक मित्र गाठा. माझा एक नाशिकला असतो. दोघांच्या घरी पट आणि चाली व्हॉट्सॲपवर लिहून. इथं अडवणारं कोणी नाही, चूक दुसऱ्यानंच पकडायची. एकदा सहा चालींनंतर कळलं की त्याच्या पटावर माझं एक प्यादं जास्त आहे. दोघंही हटून बसलो. शेवटी जिथपर्यंत दोन्ही पट जुळत होते तिथवर मागं गेलो. नंतर समजलं, फिडेचाही मार्ग हाच: चुकीच्या आधीची स्थिती, ती ठरवता येत नसेल तर त्याआधीची ओळखता येणारी शेवटची स्थिती. तेव्हापासून दर पाच चालींनी पटाचा फोटो पाठवतो.

अण्णांना मी ॲप दिलं तेव्हा त्यांचा राजा हटेना. ते जुन्या देशी पद्धतीचे. त्यात आधी कधी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. तीनदा ओढून पाहिलं, तीनदा राजा परत. “तुझं मशीन बिघडलंय,” म्हणाले आणि मोबाइल माझ्याकडं सरकवला.

गेल्या महिन्यात दुसरी स्पर्धा खेळलो. समोर निवृत्त गृहस्थ. शहात असताना त्यांनी उंट खेळला, घड्याळ दाबलं. मी घड्याळ थांबवलं. “अहो, घेतो की मागं, त्यात काय,” ते म्हणाले. मी हात वर केला. दोन मिनिटं मला मिळाली, डाव तरीही त्यांनीच जिंकला, आणि चहाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलावर काही बसले नाहीत.