पॅकर ‘वेटिंग फॉर एसएसएच’वर अडकला तर काय तपासावे

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांत लॅबच्या सगळ्या मशीनवर एकसारखी उबंटू हवी असली, की पॅकर कामाचा: व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या नकली कॉम्प्युटरमध्ये) उबंटू टाकून तिची तयार प्रत, म्हणजे इमेज, आपोआप बनवणारं हे साधन. एकदा इमेज तयार झाली की पेनड्राइव्हवरून वाटत सुटायचं. पण ती तयार होण्याआधी स्क्रीनवर ‘वेटिंग फॉर एसएसएच’ येतं, म्हणजे नव्या मशीनमध्ये एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) शिरायची पॅकर वाट बघतो, आणि बिल्ड (इमेज बनवायचं काम) तिथंच बसून राहतो. बहुतेक जण लगेच युजरनेम-पासवर्डच्या मागे लागतात. माझ्या मते तिथं सर्वांत शेवटी जावं.

आधी ‘पॅकर इनिट’ (लागणारे प्लगइन उतरवतं) आणि मग ‘पॅकर व्हॅलिडेट’ (पॅकरची सेटिंगची फाइल तपासतं) चालवा. राहिलेला कंस, चुकलेलं सेटिंगचं नाव इथंच सापडतं. पण व्हॅलिडेट पास झालं म्हणजे बिल्ड होणारच, असं नाही.

आता त्याच फाइलमध्ये ‘हेडलेस’ (खिडकी न दाखवता चालवायचं सेटिंग) ट्रू असेल तर फॉल्स करा. व्हर्च्युअल मशीनची खिडकी उघडते आणि अर्धं दुखणं डोळ्यांनी दिसतं. भाषा निवडायच्या पडद्यावर मशीन ढिम्म उभं असेल, तर ‘बूट कमांड’ची, म्हणजे मशीन सुरू होताना पॅकर आपोआप टाइप करतो ती, अक्षरं मेनू येण्याआधीच टाइप होऊन वाया गेलीत. ‘बूट वेट’, म्हणजे टाइप करण्याआधीचा थांबा, मुळात 10 सेकंद असतो. जुन्या मशीनवर तो 20-30 करून बघा.

मेनू पुढे सरकला तरी इन्स्टॉलर प्रश्न विचारत बसला, तर त्याला ‘युजर-डेटा’ फाइल (त्याच प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं) मिळालेली नाही. पॅकर ती 8000 ते 9000 मधल्या एखाद्या पोर्टवरून देतो आणि विंडोजचं फायरवॉल नेमकं तेच अडवतं. फाइल मिळूनही हेच होत असेल, तर तिची पहिली ओळ ‘#क्लाउड-कॉन्फिग’ची आहे ना (अर्थात इंग्रजीत), कुठं टॅब तर घुसला नाही ना, हे पाहा. शेजारी ‘मेटा-डेटा’ फाइलही लागते, रिकामी चालते.

इन्स्टॉल नीट चाललंय पण बिल्ड मध्येच तुटतो? ‘एसएसएच टाइमआउट’ सांगितला नसेल तर पॅकर फक्त 5 मिनिटं थांबतो. आपल्याकडच्या नेटवर अपडेट उतरायलाच त्याहून जास्त वेळ जातो. सरळ 40 मिनिटं द्या.

एवढं करून मग पासवर्ड. पॅकरच्या फाइलमध्ये तो साधा असतो, युजर-डेटात त्याचा हॅश (त्यापासून बनवलेली, उलट वाचता न येणारी अक्षरं). दोन्ही एकाच पासवर्डचे हवेत.

चेकसमची (फाइल जशीच्या तशी आहे का हे ओळखायच्या आकड्याची) तक्रार आली आणि आयएसओ (उबंटूची इन्स्टॉलची फाइल) मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलेली असली, तर कॉपी अर्धवट झालेली असू शकते. चेकसम ‘नन’ करून, म्हणजे ही तपासणीच बंद करून, पळवाट काढू नका, फाइल पुन्हा घ्या.

बिल्ड चालवताना ‘ऑन-एरर’ला ‘आस्क’ द्या. अडलं तरी पॅकर मशीन पुसण्याआधी विचारतो, तेवढ्यात आत डोकावता येतं.