जुन्या बाजारातला मॅक्सी घालून आईबरोबर टेकडीवर जाताय? या चुका टाळा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर निम्मी वाट झाली आणि माझ्या उजव्या बुटाचा तळ गेला. नुसती टाच उचकटली असती तर चाललं असतं, पण चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे त्याचे तुकडे वाटेवर पडत होते. आई दहा पावलं पुढे होती. तिने वळून आधी बुटाकडे पाहिलं, मग माझ्या मॅक्सीच्या घेराला लागलेल्या कुसळांकडे पाहिलं आणि पिशवीत हात घालून सुतळी काढली.

"घेताना वाकवून बघितला होतास का?"

नव्हता बघितला. त्या दिवशी मी केलेल्या चुकांची यादी इथूनच सुरू होते. जुने, दुसऱ्याने वापरलेले कपडे घालायला मला मनापासून आवडतात आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आईला घेऊन टेकडीवर जाणं त्याहून आवडतं. दोन्ही एकत्र करायचं तर थोडी तयारी लागते, एवढंच.

लांबून बघून कपडा घेणं

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथल्या ढिगातून सत्तरच्या दशकातला वाटावा असा लांब, फुलाफुलांचा मॅक्सी मिळाला. मी रंग बघितला, छापा बघितला, पैसे दिले. बघायचं होतं ते आत.

जुन्या कपड्याचं कापड सहसा दगा देत नाही, शिवण देते. दोरा कापडाच्या आधी कुजतो. त्यामुळे कपडा उलटा करा, काखेची, खांद्याची आणि कमरेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. बारीक 'टर्र' ऐकू आलं तर दोरा गेलेला आहे. कपडा टाकायची गरज नाही, घरी मशिनवर त्याच रेषेवरून एक टीप मारून घ्या. मग कपडा उजेडासमोर धरा. काखेत घामाने विरलेलं कापड जाळीसारखं दिसतं, तिथे टीप मारून उपयोग नाही, आतून तुकडाच लावावा लागतो. इलॅस्टिक ताणून सोडा. परत आलं नाही तर नवं घालायचं, ते दहा मिनिटांचं काम. धातूची चेन अडत असेल तर दातांवरून मेणबत्ती किंवा पेन्सिलीचं शिसं फिरवा.

कापड कोणतं, हेही आधी कळलेलं बरं. आतल्या शिवणीतला एक दोरा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. केस जळल्याचा वास म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर टेरिलीन (म्हणजे पॉलिएस्टर) किंवा नायलॉन. आईला ही काडी लागत नाही. तिने मॅक्सीचा काठ चिमटीत धरून चुरगाळला, सोडला, एकही सुरकुती राहिली नाही असं बघितलं आणि म्हणाली, "टेरिलीन. घामाने मरशील." ऑक्टोबरच्या उन्हात चढताना ते खरं झालं. हे कापड घाम शोषत नाही, तो पाठीवर तसाच राहतो. आत पातळ सुती स्लिप किंवा बनियन घाला, बराच फरक पडतो.

जुने बूट 'नवेच आहेत' म्हणून घेणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक, म्हणून जरा सविस्तर.

बाजारात मिळालेले ते चामड्याचे बूट फारसे वापरलेलेच नव्हते. मला वाटलं, नशीब! खरं तर तीच धोक्याची खूण होती. गेल्या काही दशकांतल्या कित्येक बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या फोमचे असतात. हलके, मऊ, चालायला छान. पण हवेतली ओल या फोमला आतून तोडत राहते. बूट पायात असो की खोक्यात, ते थांबत नाही, आणि आपल्याकडचे चार महिने दमट हवेचे. दहा-बारा वर्षं कपाटात पडलेला बूट वरून चकचकीत आणि खालून पिठूळ झालेला असू शकतो. पहिल्या पन्नास पावलांत काही कळत नाही. चढावर पाय दुमडला, वजन पुढे आलं की तळ फाटतो.

घेताना तीन गोष्टी करा. बूट चवड्यापाशी वाकवा आणि भेगा बघा. तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. खड्डा तसाच राहिला, भुगा निघाला किंवा बोटाला चिकट लागलं तर बूट खाली ठेवा. आणि घेतलाच तर टेकडीवर नेण्याआधी दोन दिवस इमारतीच्या जिन्यावर चढ-उतार करा. जे व्हायचं ते घराजवळ होऊ दे.

तरीही वाटेत सुटला तर? आईची सुतळी अशी: एक वेढा चवड्यावर, एक पायाच्या कमानीखालून, दोन्ही वर आणून लेसमध्ये गुंतवायचे. गाठ वर हवी. तळाखाली आली तर दगडावर घासून तुटते, शिवाय पाय कलतो. सुतळी नसेल तर जास्तीची लेस, ओढणीची पट्टी, काहीही चालेल. यावर घरी परत येता येतं, पुढे चढता येत नाही. आम्ही वेताळाच्या देवळापर्यंत जाणार होतो, पण बूट गेला तिथूनच मागे फिरलो.

वरचं चामडं चांगलं असेल तर बूट फेकू नका. घरी फेविक्विकने चिकटवण्याचा खटाटोपही नको, कारण भुग्याला काही चिकटत नाही. मोच्याकडून जुना तळ पूर्ण काढून रबरी तळ शिवून घ्या. माझ्या मोच्याने बुटाकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं, पण काम चोख केलं.

वास अत्तराने झाकणं

जुन्या कपड्यांना डांबरगोळ्यांचा किंवा बंद ट्रंकेचा वास असतो. त्यावर डिओ मारला की दोन वास मिळून तिसराच काहीतरी तयार होतो. डोंगराकडे जाताना तर भडक वास नकोच. कड्याकपारीत, मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने, धुराने ती बिथरतात. कपडा दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. वास राहिला तर बादलीभर पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. रंग जातो का ते आधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा.

ढेकणांचं काय, हा प्रश्न तुम्ही नाही विचारला तरी आई विचारतेच. बाजारातून आणलेला कपडा सोफ्यावर, गादीवर टाकू नका, पिशवीतून सरळ बादलीत. सुती असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतला की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. टेरिलीनला एवढ्या गरम पाण्यात कायमच्या चुण्या पडतात, रेशमाची तर वाटच लागते. असे कपडे कोरडेच घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ अंशांवर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे. लोकरीला कसर लागली असेल तरी हाच उपाय. फक्त घरात आधी सांगून ठेवा. आईला माझा मॅक्सी मटारच्या पिशवीशेजारी सापडला, त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे मटार झाले नाहीत.

'लोकांचे उतरलेले कपडे' या वाक्यावर भांडणं

"कुणाच्या अंगातला असेल कोण जाणे." हे वाक्य येणारच. पर्यावरण, पुनर्वापर असली भाषणं करू नका. पासष्टीच्या बाईला पुनर्वापर शिकवायला जाणं म्हणजे मोठाच विनोद आहे. जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, त्याचं शेवटी फडकं, हे तिने आयुष्यभर केलंय. तिचा आक्षेप वापरलेल्या कपड्याला नसतो, अनोळखी माणसाच्या कपड्याला असतो.

आमचा वाद मिटला तो बोहारणीमुळे. आई म्हणाली, "असले चार मॅक्सी देऊन मी एक पातेलं घेतलंय." मी म्हटलं, मग तुझ्याच त्या चारातला हा एक असेल. भांड्यांवर घेतलेले कपडे निवडले जातात, धुऊन-शिवून पुन्हा जुन्या बाजारात येतात, हे तिलाही ठाऊक होतं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "माझा मॅक्सी नव्हताच. १९७८ साली कराडला मला हवा होता, नानांनी घेऊ दिला नाही. ते चारही तुझ्या आत्याचे."

मला तो नुसता छापा वाटत होता.

आईलाही जुनं नेसवणं

फोटो छान येतील म्हणून आईचा लग्नातला शालू बाहेर काढू नका. तीस-चाळीस वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीच्या रेषेवर फाटतं. ताणही लागत नाही, नेसताना निऱ्या केल्या तरी पुरतं. इरकलीबद्दल एक बारकावा: तिचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी, दोन्ही मागावरच एकमेकांत गुंतवून जोडलेले असतात. जुन्या इरकलीत जीर्ण व्हायला सुरुवात होते ती बऱ्याचदा या जोडापाशी, आणि खांद्यावर पिन नेमकी तिथेच आसपास टोचली जाते. पिन लावायचीच तर खाली सुती कापडाचा दुहेरी तुकडा घ्या. त्याहून बरं म्हणजे टेकडीसाठी तिला हवं ते घालू दे. माझ्या आईने पंजाबी ड्रेस आणि तिचे रोजचे चालायचे बूट घातले होते. आमच्या दोघींत तिचेच तळ शाबूत राहिले.

वाट आपल्या हौसेने ठरवणं

वेताळ टेकडी पुणे शहरातली सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर जायच्या वाटा बऱ्याच आहेत. लॉ कॉलेज रस्त्याकडून चढलात तर चढ अंगावर येतो. एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने गाडी बरीच वर जाते आणि पुढचं चालणं बेताचं, गुडघे कुरकुरत असतील तर ही बाजू घ्या. एक लक्षात ठेवा, गुडघ्यांना उतारच जास्त जाचतो. काठी चढताना नको म्हणाली तरी उतरताना हातात द्या. सकाळी सातच्या आत निघा. आणि दर वळणावर 'इथे उभी राहा' म्हणून फोटो काढत बसू नका. थांबून थांबून गुडघे आखडतात, शिवाय खाणीकडचे मोर निघून जातात.

घेर मोकळा सोडणं, आणि कुसळं

पावसाळा सरला की टेकडीवरचं गवत पिवळं पडतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळी पिकते. लांब घेराचा कपडा अशा वेळी झाडूचं काम करतो. कुसळी, आघाडा, जे असेल ते गोळा करत जातो. मी शंभरेक पावलांतच जड झाले होते.

आईने वाटेत मला उभं केलं, घेर पुढून गोळा केला, चुणी घालून वर ओढला आणि कमरेच्या पट्ट्यात ओच्यासारखा खोचला. मॅक्सी गुडघ्याखाली आला. आत लेगिंग आणि वर ओढलेले मोजे असतील तर असं चालता येतं. जिथे गुरं चरतात तिथे गवतात गोचीडही असते, त्यामुळे उघड्या पोटऱ्यांनी जाऊच नका.

कुसळाचं बी जवळून बघा. एका टोकाला सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले तांबूस केस, आणि दुसऱ्या टोकाला पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि या गिरक्यांनी बी मातीत शिरतं. कापडातही तसंच शिरतं. म्हणून दोन चुका हमखास होतात. पहिली, शेपटी धरून मागे ओढणं. मागे वळलेले केस अडकतात, शेपटी तुटते, टोक आतच राहतं आणि टेरिलीनचा दोराही ओढला जातो. कपडा उलटा करा, आत आलेलं टोक नखांच्या चिमटीत किंवा भुवयांच्या चिमट्यात धरा आणि ज्या दिशेने गेलंय त्याच दिशेने पुढे ओढून काढा. दुसरी चूक, तसाच कपडा बादलीत टाकणं. पाण्यात पीळ सुटतो आणि जी वरवर होती तीही आत जातात. आधी कुसळं, मग पाणी.

घरी आल्यावर आईने चष्मा लावला, मॅक्सी मांडीवर उलटा पसरला आणि खाली वर्तमानपत्र घातलं. मी एका बाजूने, ती दुसऱ्या. दोन तास लागले. तेवढ्यात नानांशी झालेलं भांडण, कराडच्या दुकानातला तो मॅक्सी (निळा होता, पांढरी फुलं), आणि शेवटी त्या पैशांत घेतलेली दोन परकरांची कापडं, सगळं सांगून झालं. वर्तमानपत्रावर मूठभर कुसळांचा ढीग झाला. शिवणी चाचपून झाल्यावर ती म्हणाली, "झाली सगळी. घाल पाण्यात."

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना काखेतून आणखी तीन निघाली.