जंतुमुक्त फळमाशी: सूक्ष्मजीवांचा यजमानावरचा परिणाम कसा तपासावा

आतड्यातले सूक्ष्मजीव यजमानाचं (ज्याच्या शरीरात ते राहतात त्याचं) काय भलंबुरं करतात हे पाहायचं तर आधी ते काढावे लागतात, मग एकेक जात परत द्यावी लागते. यासाठी फळमाशी फार सोयीची. तिच्या आतड्यात मोजक्याच जाती असतात, मुख्यतः लॅक्टोबॅसिलस आणि ॲसिटोबॅक्टर. त्या अंड्याच्या आत नसतात, कवचावर असतात.

रात्रीत घातलेली ताजी अंडी बारीक जाळीवर घेऊन यीस्ट धुऊन टाका. सुमारे 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये 2 मिनिटं हलवत ठेवा. कवच गेलं की टोकाची दोन शिंगं नाहीशी होतात, अंडं चकाकतं. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. जुन्या ब्लीचचा जोर गेलेला असतो, कवच अर्धवट राहतं आणि जंतूही. नंतर 70 टक्के अल्कोहोलची झटपट धुणी, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा.

निर्जंतुक खाद्याच्या प्रत्येक नळीत 40 अंडी ठेवा. खाद्यात यीस्ट लिटरला 8 ग्रॅमच घाला. 50 ग्रॅम घातलं तर जंतुमुक्त अळीही भराभर वाढते आणि परिणाम झाकला जातो. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. निम्म्या नळ्यांत धुतलेले लॅक्टोबॅसिलस प्लँटारम सोडा, नळीमागे सुमारे 10 कोटी.

तुलनेसाठी न धुतलेली अंडी घेऊ नका. ब्लीचचा त्रास दोन्ही गटांना सारखाच झालेला हवा. वोल्बाकिया हा जीवाणू मात्र माशीच्या पेशीच्या आत राहतो, ब्लीचने जात नाही. मूळ माश्यांत तो आहे का, हे पीसीआरने (डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) आधीच तपासा.

25 अंशांवर रोज ठरल्या वेळी कोष मोजा. अशा कमी यीस्टच्या खाद्यावर जंतुमुक्त अळ्या काही दिवस मागे पडतात. शेवटी प्रत्येक गटातल्या काही माश्या चिरडून त्यांचा लगदा एमआरएस अगारवर (जीवाणू वाढवायच्या माध्यमावर) पसरा. जंतुमुक्त गटात एकही वसाहत उगवता कामा नये. हिशेबात एकक म्हणजे नळी, माशी नव्हे. एका नळीतल्या 40 माश्या म्हणजे 40 पुरावे नव्हेत.

प्रश्न उत्क्रांतीचा असेल तर पिढ्या वाढवा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत एकाच मूळ समूहाच्या माश्यांना वेगवेगळे जीवाणू दिले, आणि पाचच पिढ्यांत माश्यांचे जीनोम (संपूर्ण आनुवंशिक संच) वेगळ्या दिशांनी सरकले. सुरुवातीच्या समूहात आनुवंशिक विविधता भरपूर हवी, नाहीतर नैसर्गिक निवडीला वावच उरत नाही. दर जीवाणूमागे अनेक स्वतंत्र पिंजरे ठेवा; एकच ठेवला तर फरक निवडीने पडला की योगायोगाने, हे सांगता येणार नाही.