अक्षयकुमार दत्त वाचायला घेताना

बंगालमधल्या धर्मसुधारणेचा अभ्यास आपल्याकडे बहुतेकदा राममोहन रॉय यांच्यापासून सुरू होतो आणि देवेंद्रनाथ ठाकूर, केशवचंद्र सेन यांच्यावरून प्रार्थना समाजाकडे वळतो. त्या वाटेत बंगाली गद्यलेखक आणि संपादक अक्षयकुमार दत्त (१८२०–१८८६) हमखास सुटतात. वेद प्रमादरहित आहेत ही समजूत ब्राह्म समाजाने, म्हणजे राममोहन आणि देवेंद्रनाथांच्या सुधारक पंथाने, सोडली, त्यामागे त्यांचा रेटा होता. त्यांना वगळलं तर देवेंद्रनाथांचा पुढचा प्रवासही नीट उलगडत नाही.

आधी भाषा. बंगाली लिपी दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांत बसते, संस्कृत शब्द ओळखीचे असतात. अडतं ते क्रियापदाशी, कारण हे गद्य साधू भाषेत, म्हणजे जुन्या ग्रांथिक बंगालीत आहे. आजचं 'करछि' तिथे 'करितेछि' असतं, 'तारा'चं 'ताहारा' होतं. अशा रूपांचा एक पानभर तक्ता करून पुस्तकात ठेवावा. ओळखीचे वाटणारे शब्द मात्र जास्त फसवतात. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'अपेक्षा' नामाला जोडून आली की ती सरळ आपली 'पेक्षा' असते. हे शब्द मराठी अर्थाने वाचले तर अख्खा परिच्छेद उलटा लागतो. अडलं की हरिचरण बंद्योपाध्याय यांचा 'बंगीय शब्दकोश' उघडावा.

पहिलं पुस्तक 'चारुपाठ', भाग पहिला. शाळकरी मुलांसाठी लिहिलेले छोटे पाठ आहेत, वाक्यं सरळ आहेत. त्यानंतर 'बाह्य वस्तुर सहित मानव प्रकृतिर संबंध विचार' (दोन भाग, १८५१ आणि १८५३). हे जॉर्ज कूम या स्कॉटिश लेखकाच्या ग्रंथावर बेतलेलं आहे, पण शब्दशः भाषांतर नव्हे. म्हणून मूळ इंग्रजी शेजारी ठेवूनच वाचावं. प्रत्येक प्रकरणात काय गाळलं, कुठे युरोपातलं उदाहरण काढून इथलं घातलं, याची वहीच्या दोन रकान्यांत नोंद करावी. ही मेहनत टाळली की कूमची मतं अक्षयकुमारांच्या नावावर जमा होतात. नवख्यांच्या निबंधांतली सगळ्यात मोठी चूक हीच. शिवाय अक्षयकुमार खरे कुठे दिसतात, ते त्या दुसऱ्या रकान्यातच कळतं.

ब्राह्म समाजाच्या वर्तुळातलं मासिक 'तत्त्वबोधिनी पत्रिका' १ भाद्र शके १७६५ रोजी, म्हणजे १६ ऑगस्ट १८४३ला निघाली आणि १८५५पर्यंत तिचं संपादन अक्षयकुमारांकडे होतं. अंकांवर शालिवाहन शकाचं वर्ष असतं. आपल्याला तो शक घरचा, त्यामुळे इसवी सन काढताना ७८ मिळवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण बंगाली महिने सौर आहेत आणि वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं, म्हणून जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. बंगाब्द (बंगाली सन) असेल तर हेच आकडे ५९३ आणि ५९४.

श्रम = पीक, श्रम + प्रार्थना = पीक, म्हणून प्रार्थना = शून्य, हे त्यांचं समीकरण सगळीकडे उद्धृत होतं. ते चरित्रग्रंथांतून पुढे आलं आहे, तेव्हा उद्धृत करताना तसं लिहावं. आणि ते निरीश्वरवादाचा पुरावा म्हणून वापरू नये. निसर्गनियम हे ईश्वराचेच नियम आणि ते पाळणं हाच धर्म, असं 'बाह्य वस्तु'त पानोपानी येतं.

देवेंद्रनाथांनी आत्मचरित्रात दोघांमधलं अंतर सांगितलं आहे: मी ईश्वराशी माझा संबंध शोधतो आहे, ते बाह्य वस्तूंशी मानवप्रकृतीचा. वाक्य सुंदर आहे, पण ते एका पक्षाचं म्हणणं आहे.

'भारतवर्षीय उपासक संप्रदाय' (१८७०, १८८३) शेवटी घ्यावं. डोकेदुखीच्या दीर्घ आजारात, बराचसा मजकूर दुसऱ्यांकडून लिहवून घेऊन ते पुरं झालं. पंथांची माहिती संस्कृतचे इंग्रज अभ्यासक एच. एच. विल्सन यांच्या इंग्रजी ग्रंथावर बरीच उभी आहे, त्यामुळे आधी दोन्ही भागांच्या लांबलचक उपक्रमणिका (प्रस्तावना) वाचाव्यात. तिथे वेद आणि दर्शनांबद्दल ते स्वतःच्या आवाजात, कसलीही भीड न ठेवता बोलतात.